निसर्गाच्या सान्निध्यात, कुकरसह

पवना धरणाच्या काठी एक रात्र तंबूत काढायची म्हणजे निसर्गाशी एकरूप व्हायचं, आणि एकरूप व्हायला किमान सात-आठ पिशव्या सामान लागतं. पाठीवर सॅक घेऊन तुंग-तिकोना चढणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना एक पातेलं आणि डाळ-तांदूळ पुरतात, कारण ओझं स्वतःच्याच खांद्यावर असतं. गाडीवाल्याला डिकी असते, आणि रिकामी डिकी मराठी माणसाला बघवत नाही.

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ या विषयातले तज्ज्ञ समजले जातात. ‘असू दे, गाडीच तर आहे,’ हा त्यांचा मूलमंत्र. या एका वाक्यावर बिडाचा तवा, बार्बेक्यूची शेगडी, खलबत्ता, तीन लिटरचा कुकर आणि पोळपाट गाडीत चढतो. लाटणं घरी राहतं. कुकर कशाला, असं विचारलं तर ते उंचीवर पाणी लवकर उकळतं पण अन्न शिजत नाही, हे शास्त्र समजावून सांगतात. शास्त्र खरं आहे. कळसूबाईच्या 1646 मीटर उंच माथ्यावर पाणी साधारण 95 अंशांना उकळतं. फक्त गाडी माथ्यावर जात नाही, ती पायथ्याच्या बारी गावातच थांबते. आणि यांना तर जायचं असतं पवनेला.

त्यांच्या संग्रहातला मानाचा दागिना म्हणजे गाडीच्या सॉकेटवर चालणारी किटली. आता सॉकेट 12 व्होल्टचं, त्यातून दहा अँपिअर मिळाले तर 120 वॅट. घरच्या किटलीला पंधराशे वॅट लागतात. एक थेंब उष्णता वाया गेली नाही असं धरलं, तरी लिटरभर पाण्याला उकळी फुटायला पाऊण तास हवा. तेवढा वेळ इंजिन सुरू ठेवून, धुराच्या साक्षीने, सगळे शुद्ध हवेची वाट बघत बसतात.

वहिनींची पद्धत अगदीच अरसिक. त्या आधी काय खायचं ते ठरवतात. रात्री पिठलं-भात, सकाळी पोहे. मग एक कढई, एक पातेलं, सांडशी, फोडणीच्या जिन्नसांचा छोटा डबा, पोहे आणि बेसन मोजून बांधलेले, काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत. 230 ग्रॅमच्या गॅसच्या दोन डब्या, त्यातली एक राखीव. सगळं एका क्रेटमध्ये मावतं. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, ही गृहस्थांची तक्रार रास्तच म्हणायची.

काठावर वारा सुटला की ज्योत पातेल्याखाली थांबतच नाही. मग कोणीतरी हुशार माणूस शेगडी तंबूत घ्यायचं सुचवतो. इथे मात्र थट्टा पुरे. बंद तंबूत शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. घरी दूध करपलं तर चौथ्या मजल्यापर्यंत वर्दी जाते, या वायूला वासच नसतो. त्यापेक्षा गाडी वाऱ्याला आडवी लावावी. एवढ्या महागड्या वस्तूचा स्वयंपाकात तेवढाच खरा उपयोग आहे.

तर जेवण होतं. लाटण्याच्या जागी पाण्याची बाटली फिरते, पोळ्यांना महाराष्ट्राचे सगळे जिल्हे आठवतात, सगळे ‘बाहेर काय चव लागते नाही!’ म्हणतात. आणि मग खरकट्या भांड्यांचा ढीग समोर येतो. गृहस्थांची यादी तीन पानी असते, पण ती शेवटच्या घासाला संपते. घासणी, बादली, कचऱ्याची पिशवी यांना तिच्यात जागा नसते. असायची कशी? त्या काही ऑनलाइन सेलमध्ये ‘कॅम्पिंग’ म्हणून मिळत नाहीत. (वहिनींच्या क्रेटच्या तळाशी तिन्ही असतात, पण विचारतो कोण.) पुरुषमंडळी मग पाण्यात उतरतात आणि साबणाचा फेस काढत बिडाचा तवा धरणातच विसळतात. धरण एवढं मोठं, त्याला काय होतंय!

धरणाला काही होत नसेलही. हे पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापाशी येतं, तिथून उचललं जातं, निगडीला शुद्ध होतं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना सुटतं. आमची सोसायटी चिंचवडला आहे. सोमवारी सकाळी तेच गृहस्थ पाण्याला कसलातरी वास येतो म्हणून महापालिकेला तक्रारीचा अर्ज लिहीत होते. मजकूर चांगला होता, मी दोन शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या दुरुस्त करून दिल्या.