याबूटनाना

आमच्या सोसायटीत सकाळी साडेसहाला दूधवाला येतो, पावणेसातला पेपर पडतो आणि सातच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरून एक घनगंभीर सूर ऐकू येतो. नवे भाडेकरू पहिल्या दिवशी हात जोडतात. त्यांना वाटतं, कुणाकडे पूजेची घंटा वाजली. ती घंटा देवाची नाही, मॅकिंटॉशची. नानांनी मशीन चालू केलेलं असतं.

जुन्या वस्तूंत जीव अडकलेली माणसं पुण्याला नवी नाहीत. कुणी किक मारमारून लँब्रेटा जगवतो, कुणी व्हॉल्व्हचा रेडिओ. पण त्यांचं एक बरं असतं. स्कूटर सुरू झाली की माणूस मंडईत जाऊन कोथिंबीर तरी आणतो. रेडिओ लागला तर बातम्या ऐकतो. नाना ज्या पंथाचे आहेत त्या पंथाला मंडईच नाही. पॉवरपीसी चिपचा, म्हणजे ॲपलने २००६ साली इंटेलचा हात धरला त्याच्या आधीचा मॅक मिळवायचा, त्यावर लिनक्स चढवायचं आणि ते उठवायचं. उठवायचं, बस्स. उठल्यावर त्याने काय करायचं, हा प्रश्न पंथात असभ्य समजतात.

नानांकडे अशी दोन मशीनं आहेत. पेठेतला एक छापखाना बंद पडला तेव्हा भंगारवाल्याने एक तपकिरीसर पॉवर मॅक जी-थ्री किलोवर लावला होता. नानांनी तो नगावर घेतला, पण आधी काट्यावर ठेवून, हिशेब करून. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. दुसरा आयबुक जुन्या बाजारातला, रविवारचा. विकणाऱ्याला तो पांढरा डबा काय आहे हे माहीत नव्हतं आणि नानांनी ते त्याला कळू दिलं नाही.

बूटलोडर म्हणजे काय, हे मी नानांना एकदाच विचारलं.

"तुझ्या लग्नात बायकोला मांडवात कुणी आणलं?"

"तिच्या मामाने."

"मग? वीज आली की मशीनला जाग येते, पण मांडवात नुसता नवरा मुलगा उभा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आत डिस्कच्या खोलीत. त्याला हाताला धरून मेमरीच्या पाटावर आणून उभं करणारा, तो बूटलोडर. मुलीचा मामा! काम पाच मिनिटांचं, पण तो आला नाही तर अंतरपाट धरून भटजी उभेच."

साध्या पीसीत हा मामा ठरलेला असतो, हाक मारली की येतो. जुन्या मॅकला मामा पत्रिका पाहून निवडावा लागतो. पत्रिकेत पहिला प्रश्न घराण्याचा: ओल्ड वर्ल्ड की न्यू वर्ल्ड? १९९८ साली तो काचेसारखा निळा आयमॅक आला, तिथून पुढचे न्यू वर्ल्ड. आधीचे सगळे ओल्ड वर्ल्ड. नानांचा जी-थ्री त्या रेषेच्या अलीकडचा, म्हणून ओल्ड वर्ल्ड, आयबुक पलीकडचा. एकाच टेबलावर दोन घराणी. पंगत वेगळी, सोवळं वेगळं.

ओल्ड वर्ल्डला दोन मामा चालतात, बूटएक्स आणि क्विक. बूटएक्स बेंजामिन हेरेनश्मिटचा, क्विक पॉल मॅकेरासचा. ही नावं घेताना नाना कानाच्या पाळीला हात लावतात. बूटएक्सची रीत अशी की आधी जुनं मॅक ओएस उठवायचं आणि मग त्याच्या आतून लिनक्सला हाक मारायची. म्हणजे नातवाला शाळेसाठी उठवायचं तर आधी आजोबांना उठवा, त्यांचा चहा होऊ द्या, मग ते नातवाला उठवतील. शहाणी माणसं हाच मार्ग धरतात, कारण तो चालतो. नानांनी तो पहिल्या दिवशीच नाकारला. "हे वशिल्याचं उठणं झालं," म्हणाले आणि क्विकच्या मागे लागले.

क्विकला मॅक ओएस लागत नाही, पण ओपन फर्मवेअरची मर्जी लागते. ओपन फर्मवेअर म्हणजे मशीनच्या पोटातलं पहिलं भान. तिथे शिरायला घंटा वाजताक्षणी कमांड, ऑप्शन, ओ आणि एफ या चार कळा एकदम दाबून धरायच्या. नानांची बोटं पेटीवर बसली असती तर मैफल झाली असती. त्यांनी कळा दाबल्या, घंटा वाजली आणि पडदा काळा तो काळाच. एक रात्र, दोन रात्री.

"अहो, मेलंय ते," वहिनी म्हणाल्या.

मेलं नव्हतं. ओल्ड वर्ल्डचं ओपन फर्मवेअर बहुतेक वेळा पडद्यावर बोलतच नाही. सांगेपर्यंत ते मागच्या मोडेमच्या पोर्टातून बोलत असतं. पुढच्या दाराशी पाहुणा ताटकळतोय आणि आजोबा मागच्या अंगणात गप्पा मारताहेत, तसं. मग नानांनी कुठून तरी सिरियल केबल मिळवली, पुतण्याचा लॅपटॉप मागच्या अंगणात बसवला आणि तिसऱ्या रात्री साडेअकराला माझी बेल वाजली. दारात नाना, चष्मा कपाळावर.

"बोललं!"

"काय बोललं?"

"ओके."

खरोखर तेवढंच. ओपन फर्मवेअर प्रत्येक आज्ञेवर 'ओके' म्हणतं, खाली शून्य आणि बाणाचं टोक काढतं आणि पुन्हा गप्प. नवविवाहित सुनेचं 'बरं' आणि याचं 'ओके' यांतून काहीही काढता येतं, असं वहिनींचं मत. त्या रात्री नानांनी त्याला पडद्याकडे तोंड करून बोलायला शिकवलं आणि बूट कुठून व्हायचं तेही बजावलं. तेव्हापासून सकाळी घंटा, मग क्विक, मग लिनक्स.

ओपन फर्मवेअरची भाषा फोर्थ. तिच्यात आधी आकडे आणि शेवटी क्रिया: दोन, तीन, अधिक. उत्तर हवं असेल तर एक टिंब. नानांचा सिद्धांत असा की ही भाषा मुळात मराठी वळणाचीच आहे. आपण नाही का, आधी भाजी, मग पिशवी आणि शेवटी 'आण' म्हणत? त्या आठवड्यात घरात "पाणी, गरम, बादली, काढ" असल्या आज्ञा सुटत होत्या. वहिनी प्रत्येकीला "ओके" म्हणत होत्या आणि काही करत नव्हत्या.

आयबुकचं लग्न त्या मानाने सुखाचं. त्याचा मामा याबूट. खरं नाव 'आणखी एक बूटलोडर' अशा थट्टेतून आलेलं आहे, पण नाना ते 'या, बूट!' असं दारात पाहुण्याचं स्वागत केल्यासारखं म्हणतात. त्यांचं सोसायटीतलं नाव तिथूनच पडलं. याबूटला डिस्कवर स्वतःचं छोटं घर लागतं, बूटस्ट्रॅप पार्टिशन. मोजून ८०० किलोबाइट आणि बाकी सगळ्या बूट होणाऱ्या पार्टिशनांच्या आधी. भोवती काही गिगाबाइटांचा संसार मांडलेला आणि पहिला मान या एवढ्याशाला. नानांनी मला तो पडद्यावर दाखवला तेव्हा आवाज खाली आणला होता.

"सुपारीचा गणपती. आधी हा, मग यजमान."

आणि खरंच, नुसतं मांडून भागत नाही, त्याला आशीर्वादही द्यावा लागतो. ॲपलच्या जगात ज्या फोल्डरवरून मशीन उठायचं तो फोल्डर आशीर्वादित असावा लागतो, शब्दच तो आहे. हा आशीर्वाद वायबिन नावाचा छोटा प्रोग्रॅम देतो. याबूटची मांडणी एका फाइलीत लिहिलेली असते. तीत एक अक्षर बदललं तरी वायबिन पुन्हा चालवायचा, नाहीतर सुपारीला बातमी पोचत नाही. नाना एकदा सिंहगड रोडवरून रिक्षा परत फिरवून घरी आले होते. वहिनींना वाटलं, गॅस चालू राहिला. वायबिन राहिला होता.

पुतण्या हिंजवडीत आहे. त्याने एकदा लॅपटॉप परत न्यायला आल्यावर विषय काढला.

"काका, याच्या कैक पट वेगाचं मशीन माझ्या खिशात आहे."

"त्याचा मामा कोण?"

पुतण्याला सांगता आलं नाही. मग त्याने दुसरं अस्त्र काढलं. डेबियन या लिनक्सने ३२-बिट पॉवरपीसीला २०१५च्या जेसी आवृत्तीनंतर अधिकृत यादीतून काढलं, आता जे मिळतं ते अनधिकृत, आणि त्यातही याबूट जाऊन ग्रब आलाय.

"अनधिकृत म्हणजे गुंठेवारी," नाना शांतपणे म्हणाले. "लोक राहतातच की."

ग्रबबद्दल मात्र ते बोलले नाहीत. सर्व मशीनांवर चालणारा मामा ही कल्पनाच त्यांना पटत नाही. तो मामा कसला, तो इव्हेंट मॅनेजर.

एका सकाळी मी मुद्दाम पूर्ण कार्यक्रम पाहायला गेलो. घंटा झाली. क्विक आला, कर्नलच्या ओळी पडद्यावर धो धो वाहिल्या, लॉगिन आलं. नानांनी नाव घातलं, पासवर्ड घातला, तारीख विचारली. मशीन म्हणालं, १९०४. मॅकचं घड्याळ १ जानेवारी १९०४पासून सेकंद मोजतं, आणि आतला सेल संपला की ते पुन्हा पहिल्या सेकंदापाशी जाऊन उभं राहतं. लोकमान्य अजून मंडालेला गेलेले नाहीत, अशा काळात आम्ही दोघं चहा पीत बसलो. मग नानांनी शटडाउनची आज्ञा दिली, पंचा झटकला आणि आंघोळीला गेले.

त्या मेलेल्या सेलाचा एक उपद्रव मला नंतर कळला. प्लगमध्ये वीज आहे तोवर मशीनला सगळं आठवतं. वीज गेली आणि सेलही मेलेला, की क्विक कुठे ठेवलाय, पडद्यावर बोलायचं आहे, सगळं विसरतं. आमच्या भागात देखभालीसाठी वीज गुरुवारी जाते. म्हणून दर शुक्रवारी सकाळी घंटेनंतर फ्लॉपीचं चित्र आणि त्यात लुकलुकणारं प्रश्नचिन्ह. पडदा पुन्हा मुका, केबल पुन्हा मागच्या अंगणात, चार कळांची पेटी पुन्हा. पुतण्याने लॅपटॉप परत मागणं केव्हाच सोडून दिलंय.

मला वाईट वाटलं. मी बुधवारी संध्याकाळी तो सेल शोधून आणला: ३.६ व्होल्टचा, लिथियम, पेन्सिल सेलच्या निम्म्या उंचीचा. नानांच्या हातात ठेवला. त्यांनी तो दिव्याखाली धरला, फिरवून आकडे वाचले, "वा, अस्सल माल आणलास" म्हणाले, मग टेबलाचा खण उघडून आत ठेवला. आत तसलेच आणखी दोन होते, वेष्टनासकट.

"बसवत नाही?"

"बसवू रे. घाई काय आहे?" नानांनी खण लावला आणि स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "अगं, उद्या गुरुवार ना? ती लांब केबल कुठे ठेवलीस?"