वजनदार

लग्नाच्या मांडवात फोटोग्राफरची पारख फोटोंवरून होत नाही. फोटो यायला महिना लागतो. पारख होते ती कॅमेऱ्याच्या आकारावरून, आणि ती मुलीचे मामा उभ्या उभ्या करून मोकळे होतात. कॅनन ५५०डी हा २०१० सालचा गुणी कॅमेरा, पण अंगाने किरकोळ. तो गळ्यात पाहिला की मामा विचारणार, "मुख्य फोटोग्राफर यायचेत का अजून?" त्यालाच खाली बॅटरी ग्रिप लावली की तेच मामा चहा विचारतात. उभा फोटो काढताना कोपर हवेत जात नाही, एकाऐवजी दोन बॅटऱ्या बसतात, हे फायदे खरे आहेत. पण ग्रिप घ्यायची ती मामांसाठी.

कंपनीची परवडत नाही, म्हणून आपण फोर्टात बोरा बझारला जातो. काउंटरखालून एक बिननावाची ग्रिप निघते. "सेम टू सेम, साहेब." दिसते खरंच तशीच. दोन एलपी-ई८ बॅटऱ्या, नाहीतर ट्रेमध्ये सहा पेन्सिल सेल. फरक कळतो तो मंगलाष्टकं संपताना. अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात आणि कॅमेरा रुसलेल्या जावयासारखा ढिम्म.

अशा वेळी वैद्य फार. व्हिडिओवाला म्हणतो, लेन्स काढून परत लाव. असिस्टंट मेमरी कार्डावर फुंकर मारतो. आपल्याकडे टीव्हीच्या रिमोटपासून सगळ्या यंत्रांवर हा एकच उपचार चालतो. दुखणं बहुतेक वेळा ग्रिपचा स्क्रू आवळायच्या चाकीत असतं. ग्रिप बॉडीला धरून ठेवते ती ट्रायपॉडच्या भोकात जाणाऱ्या एकुलत्या एका स्क्रूने. कॅमेरा खांद्याला अडकवून हिंडलं की तो सैलावतो, ग्रिपची मान बॅटरीच्या कप्प्यातून केसभर खाली घसरते आणि करंट तुटतो. दोन्ही हातांनी बॉडी नि ग्रिप एकमेकांवर दाबून पाहावं. जीव आला तर चाकी आवळावी, पण बोटांनीच. पक्कड आणायला धावणारा एक काका प्रत्येक लग्नात असतो, त्याला जेवायला पाठवावं.

तरीही ढिम्मच असेल तर ग्रिप उतरवून करंट पोचवणाऱ्या सोनेरी पट्ट्या बघाव्यात. आदल्या दिवशीच्या कार्यक्रमाची हळद तिथे हमखास सापडते. खोडरबर हलक्या हाताने फिरवावा, कोरड्या कापडाने पुसावं, चुरा बॉडीत जाऊ देऊ नये. मग एकच बॅटरी घालून बघावी, आधी एका खणात, मग दुसऱ्यात. सेल वापरत असाल तर चार्जेबल सहा सेलचे १.२ व्होल्टप्रमाणे ७.२ होतात, म्हणजे नेमके मूळ बॅटरीइतके. पण ते एकामागे एक जोडलेले, त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळातून काढलेला एक म्हातारा सेल उरलेल्या पाचांनाही घेऊन झोपतो. ग्रिपवरचं उभ्या फोटोचं बटणच तेवढं चालत नसेल, तर ग्रिपला स्वतःचा वेगळा ऑन-ऑफ असतो तो आधी बघावा. यावर कोणी फार बोलत नाही, कारण ज्याला त्याला आपापली लाज असते.

शेवटची परीक्षा सोपी. ग्रिप बाजूला ठेवायची, बॅटरी थेट बॉडीत घालायची. कॅमेरा चालला तर चोर सापडला. पण त्यासाठी कप्प्याचं झाकण लागतं. ग्रिप चढवताना ते काढून ग्रिपच्या मानेतल्या खाचेत अडकवायचं असतं, आणि बिननावी ग्रिपच्या खाचेत ते अडकत नाही, नुसतं टेकतं. झाकण हरवलं की कप्प्यातला बारीक खटका दाबला जात नाही, आणि भरल्या बॅटरीनेही कॅमेरा ढिम्मच. मग लग्नपत्रिकेचा कोपरा घडी घालून तिथे खुपसायचा, वर चिकटपट्टी. फोटो निघतात. फक्त वराकडचे लोक जरा लांबून बोलायला लागतात.

माझी ग्रिप शेवटी दुरुस्तीवाल्याने कानाशी हलवून पाहिली. "आत काहीतरी फिरतंय," म्हणाला, आणि नव्या ग्रिपइतकेच पैसे सांगितले. नवी घेतली. जुनी असिस्टंटने मागून नेली. त्याच्या कॅमेऱ्याला ती बसत नाही, पण त्याने मान करवतीने उडवली आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने खाली डकवली. बॅटरी बदलायची वेळ आली की तो मांडवामागे जाऊन टेप सोलत बसतो.