तयारी खाते

स्पर्धा परीक्षेची तयारी ही महाराष्ट्रातल्या अनेक पदवीधरांची पहिली, आणि बऱ्याचदा सर्वांत लांबलेली नोकरी असते. तिला पगार नाही. पण हजेरी, ज्येष्ठता, बदली, मुदतवाढ आणि निवृत्तीचे वय हे सगळे आहे. ज्या शासनात शिरायचे त्याचे नियम उमेदवार पुस्तकातून शिकतो आणि त्याची रीत कोणी न शिकवता उचलतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत, निवड होवो न होवो, तो स्वतःच एक सरकारी खाते झालेला असतो.

या परीक्षेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या वशिल्याने पदे वाटण्याची पद्धत मोडून 1855 मध्ये लंडनला पहिली खुली परीक्षा झाली. 1863 मध्ये ती उत्तीर्ण झालेले सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले भारतीय. पुढे व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत वयोमर्यादा 21 वरून 19 वर आणली गेली आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी त्याविरुद्ध देशभर सभा घेत फिरले. वयोमर्यादेवरून रस्त्यावर येण्याची परंपरा अशी जवळजवळ परीक्षेइतकीच जुनी आहे. 1918 मध्ये चिंतामणराव देशमुख लंडनच्या परीक्षेत पहिले आले, आणि तेव्हापासून मराठी मार्गदर्शन शिबिरांच्या उद्घाटकांना भाषणाची सुरुवात आयती मिळाली. 1922 पासून परीक्षा अलाहाबादलाही होऊ लागली, त्यामुळे मुलाला बोटीऐवजी रेल्वेत बसवून देता येऊ लागले. आता ते काम एसटी करते.

एसटी ज्या गावी आणून सोडते ते पुणे. दिल्लीत या व्यवसायाची राजधानी जुने राजेंद्रनगर आणि मुखर्जीनगर येथे आहे. मराठी शाखा सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत, शास्त्री रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहे. इथे भाडे खोलीचे नसते, कॉटचे असते. चार कॉटच्या खोलीत लातूर, बीड, सांगली आणि बुलढाणा असे जिल्हे नांदतात, आणि पंख्याच्या गतीवरून त्यांच्यात आंतरजिल्हा वाद चालू असतो. सगळे एकमेकांना ‘सर’ म्हणतात. ‘सर, बादली मोकळी झाली का?’ हा प्रश्न सकाळी साडेपाचला पूर्ण गांभीर्याने विचारला जातो. गावाकडे मात्र त्याला कोणी सर म्हणत नाही. तिथे तो पहिल्या दिवसापासून ‘साहेब’ असतो, आणि पारावर बसलेले एखादे अण्णा त्याला थेट कलेक्टर करून टाकतात.

अर्थव्यवस्था साधी आहे. राज्यघटनेच्या कलम 360 नुसार आर्थिक आणीबाणी जाहीर करता येते. देशात ती आजवर एकदाही जाहीर झालेली नाही. सदाशिव पेठेत ती दर महिन्याच्या वीस तारखेला लागू होते आणि गावाकडून पैसे आले की उठते. आणीबाणीच्या काळात मेसचे खाडे मोजले जातात, चहा ‘दोनात तीन’ होतो आणि झेरॉक्सवाल्याकडची वही पुढच्या पानावर जाते. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद. त्यामुळे रविवारचे जेवण दोन वेळांच्या हिशेबाने एकदाच जेवण्याचे कौशल्य प्रत्येकाला येते. ते कोणत्याही पेपरला विचारले जात नाही, ही अभ्यासक्रमातली उणीवच म्हणायची.

तयारीचे मुख्यालय म्हणजे अभ्यासिका. जुन्या इमारतीचा पहिला मजला, प्लायवूडचे कप्पे, ट्यूबलाइट, भिंतीवर ‘बोलू नये’ अशी पाटी आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. त्या ढिगातून स्वतःचीच जोडी घेऊन परतणे हे इथले पहिले यश. कप्प्याच्या फळीवर चिठ्ठ्या असतात. वर अनुच्छेद 14 ते 18, मधे महाराष्ट्राचा नकाशा, त्याखाली लाल शाईत गेल्या वर्षीचा कटऑफ आणि कोपऱ्यात आईवडिलांचा पासपोर्ट आकाराचा फोटो. फोटोतले वडील बरोबर कटऑफकडे बघत असतात. खुर्चीवर बॅग असते. बॅग सकाळी सहाला येते आणि रात्री अकराला जाते. तिची हजेरी निर्दोष असते. तिचा मालक मधल्या काळात चहाला, झेरॉक्सला, पुन्हा चहाला आणि ‘जरा डिस्कशनला’ गेलेला असतो. खुर्ची अडवून ठेवायची आणि जागेवर सापडायचे नाही, हा प्रशासनाचा पहिला धडा इथे फी न घेता मिळतो.

मग वेळापत्रक. ते रविवारी तयार होते. त्यासाठी नवी वही, पट्टी आणि चार रंगांची पेने आणली जातात, आणि ते करण्यात दिवस गेल्यामुळे त्या दिवशी अभ्यास होत नाही. पहाटे पाच ते सात इतिहास, सात ते नऊ भूगोल असा आराखडा मंजूर होतो. सोमवारी जाग आठला येते. तोवर इतिहास संपलेला असतो आणि भूगोल अर्ध्यावर आलेला असतो. इतिहासाचे दोन तास अर्थशास्त्रातून वळते केले जातात, अर्थशास्त्राचे विज्ञानातून, आणि विज्ञानाला पुरवणी मागण्यांमध्ये बघू असे आश्वासन मिळते. महाराष्ट्राच्या प्रादेशिक विकासाचा अनुशेष मोजण्यासाठी 1983 मध्ये दांडेकर समिती नेमावी लागली होती. एका सामान्य उमेदवाराचा शुक्रवारपर्यंतचा अनुशेष मोजायला तेवढीच मोठी समिती लागेल. उमेदवार मात्र समिती नेमत नाही. तो पुढच्या रविवारी नवे वेळापत्रक करतो.

पुस्तकांविषयी सर्व मार्गदर्शकांचे एकमत आहे की एकच पुस्तक दहा वेळा वाचावे, दहा पुस्तके एकेकदा वाचू नयेत. उमेदवार हा सल्ला दहा मार्गदर्शकांकडून ऐकतो आणि प्रत्येकाने सांगितलेले एकेक पुस्तक अप्पा बळवंत चौकातून घेऊन येतो. पुस्तके लेखकाच्या नावानेच ओळखली जातात. ‘लक्ष्मीकांत झाला का?’ ‘दोनदा झाला, पण ग्रोव्हर राहिलाय.’ ‘सवदी चालू आहे, कोळंबे पुढच्या महिन्यात काढतो.’ भेटीला आलेल्या वडिलांना ही मंडळी आजारी आहेत की येणेकरी, याचा उलगडा होत नाही. ते काही न विचारता दोन हजार रुपये जास्त ठेवून जातात.

वर्तमानपत्र वाचण्याची पद्धतही निराळी. बातमी संपादकीय पानापासून सुरू होते आणि पिवळ्या हायलायटरने रंगवत खाली येते. पहिल्या महिन्यात महत्त्वाची वाक्ये पिवळी होतात. तिसऱ्या महिन्यात सगळेच महत्त्वाचे वाटू लागते आणि पान हळदीला बसल्यासारखे दिसते. एखादी ओळ कोरी राहिलीच तर नजर तिच्यावरच जाते. क्रीडापान केवळ पुरस्कारांसाठी उघडायचे असे ठरलेले असते. हा नियम भारताची मॅच नसेल त्या दिवशी कसोशीने पाळला जातो.

पूर्वपरीक्षा ही पहिली चाळणी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात 100 प्रश्न आणि 200 गुण असतात, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण कापले जातात. राज्य आयोग एक चतुर्थांश कापतो. माहेरचा आयोग म्हणून तेवढी माया. दुसरा पेपर, ज्याला सगळे सीसॅट म्हणतात, 2011 मध्ये आला आणि केंद्रात 2015 पासून नुसता पात्रतेपुरता उरला. त्यात 33 टक्के मिळाले की झाले. नुसते पास व्हायचे आहे म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकललेला हा पेपर दर वर्षी पुष्कळांचा घात करतो.

खरी गंमत प्रश्नाच्या रचनेत आहे. दोन-तीन विधाने दिली जातात आणि खाली विचारले जाते : वरीलपैकी कोणते/ती विधान/ने बरोबर आहे/त? हा साचा डोक्यात इतका बसतो की माणूस पुढे व्यवहारही त्यातच करू लागतो. विधान अ : मेसमध्ये आज शेवभाजी आहे. विधान ब : ती कालची आहे. पर्याय : फक्त अ, फक्त ब, दोन्ही, एकही नाही. आईने फोनवर ‘जेवलास का?’ विचारले तरी हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नसणार, अशी शंका त्याला चाटून जाते.

पेपर सुटल्यावर अर्ध्या तासात क्लासेसच्या उत्तरतालिका येतात. त्या आपापसांत जुळत नाहीत. उमेदवार ज्या क्लासच्या तालिकेत आपले गुण जास्त होतात त्याच्या विद्वत्तेची स्तुती करतो. नंतर आयोगाची पहिली तालिका येते, त्यावर हरकती घेतल्या जातात, काही प्रश्न रद्द होतात, आणि नेमका जो प्रश्न बरोबर आलेला असतो तोच रद्द झाला अशी प्रत्येकाची पक्की समजूत असते.

परीक्षेच्या तारखा हा स्वतंत्र विषय आहे. मार्च 2021 मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली, तेव्हा ‘परीक्षा घ्या’ म्हणून पुण्यातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी 2023 मध्ये वर्णनात्मक पद्धतीची मुख्य परीक्षा इतक्या लवकर नको म्हणून ते पुन्हा उतरले, आणि ती पद्धत 2025 पर्यंत लांबणीवर गेली. दोन्ही वेळा त्यांचे म्हणणे रास्त होते, आणि दोन्ही वेळा आंदोलनाच्या जागी बसल्या बसल्या काहींनी नोट्स काढल्या असतील तर नवल नाही. राज्य आयोगाने 2020 च्या अखेरीस अटेम्प्टच्या संख्येवर मर्यादा घातली आणि पुढे ती मागे घेतली. एखादा अटेम्प्ट आयोगाचाही वाया जातो.

मुख्य परीक्षेत लिहावे लागते. केंद्राच्या नऊ पेपरांपैकी दोन भाषांचे, पात्रतेपुरते. उरलेल्या सातांचे मिळून 1750 गुण. 2013 पासून त्यात नीतिशास्त्राचा पेपर आहे. ‘तुम्ही जिल्हाधिकारी आहात, धरणग्रस्तांचा मोर्चा आला आहे, मंत्र्यांचा फोन आला आहे, काय कराल?’ अशा प्रसंगांवर उमेदवार करुणा, पारदर्शकता आणि उत्तरदायित्व यांवर अडीचशे शब्द न अडखळता लिहितो. उत्तर लिहून झाल्यावर तो अभ्यासिकेत परततो आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपल्या मित्राची बॅग ठेवतो.

मुलाखतीचे 275 गुण दिल्लीच्या धोलपूर हाउसमध्ये मिळतात. अर्जात छंद लिहायचा असतो. पाच वर्षे छंदाला वेळ नसलेला माणूस तिथे ‘ट्रेकिंग’ लिहितो आणि मग राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्यांच्या नोट्स काढून पाठ करतो. गावाच्या नावाची व्युत्पत्ती, जिल्ह्यातली मुख्य पिके, स्वतःच्या नावाचा अर्थ, सगळ्याची फाइल होते. मॉक मुलाखतीत एक परीक्षक ‘आत्मविश्वास कमी आहे’ म्हणतो आणि दुसरा ‘थोडा जास्त आहे’. सूट शिवला जातो. पुढे कोणाच्या तरी लग्नात तो उपयोगी पडतोच.

मुलींच्या बाबतीत वयोमर्यादा आयोग ठरवत नाही, मामा ठरवतो. ‘एवढा एक अटेम्प्ट दे, मग स्थळे बघू’ हा त्याचा शासननिर्णय, आणि त्याला स्थगिती मिळवण्यासाठी मुलीला दर दिवाळीत आईमार्फत अपील करावे लागते. मुलाखतीच्या मंडळापेक्षा हे मंडळ अवघड, असे त्यातून गेलेल्या मुलींचे मत आहे आणि ते ग्राह्य धरायला हवे.

निकालाचे गणित पाहावे. 2024 च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला 9,92,599 अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष 5,83,213 जण बसले. शेवटी 1009 जणांची शिफारस झाली. निवड झालेल्याच्या गावात गुलाल उधळला जातो, फ्लेक्स लागतो, आणि कधी एक फोनही न केलेल्यांचे फोटो त्यावर ‘शुभेच्छुक’ म्हणून झळकतात. फॉर्म भरून पेपरलाच न गेलेले चार लाखांहून अधिक लोक कुठे गेले हे कोणी विचारत नाही. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी ‘तो युपीएससी करतोय’ हेच सांगितले जाते, आणि ते खोटेही नसते.

केंद्रात खुल्या गटाची वयोमर्यादा 32 आहे, राज्यात 38. त्यामुळे दिल्लीने निवृत्त केलेल्या उमेदवाराला मुंबई सहा वर्षांची मुदतवाढ देते. त्यानंतरही जो पेठेत उरतो तो क्लास काढतो किंवा अभ्यासिका चालवतो, आणि अनुभवाचा विचार केला तर त्याच्याइतका लायक माणूस त्या कामाला दुसरा मिळणार नाही. काही जण मधेच बँकेत, तलाठी म्हणून किंवा शाळेत लागतात आणि ‘हे तात्पुरते आहे’ असे काही वर्षे सांगत राहतात.

निकाल आयोगाच्या संकेतस्थळावर लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. त्यासाठी उमेदवाराच्या घरी फोन करण्याची आवश्यकता नाही. तरी सर्व संबंधित काका, मामा आणि आत्यांनी कृपया नोंद घ्यावी.