पूररेषेच्या एक फूट वर

नानांच्या घरी कॉम्प्युटरसमोर बसायची सोय नव्हती. उभंच राहावं लागे. टेबल चार फूट उंच होतं. २६ जुलै २००५ ला चिपळुणात वाशिष्ठी शिरली तेव्हा नानांच्या माजघरात पाणी तीन फुटांवर येऊन थांबलं आणि भिंतीवर गाळाची रेघ सोडून गेलं. पुढे घराला दोनदा रंग दिला, पण नानांनी रंगाऱ्याला त्या रेघेला हात लावू दिला नाही. उलट तिच्या शेजारी तेलरंगात तारीख घालून घेतली. २०११ मध्ये निवृत्तीच्या पैशातून कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा नाना दुकानात गेलेच नाहीत, आधी सुताराकडे गेले. "रेघेच्या वर एक फूट," एवढंच माप दिलं. सुताराने विचारलं, "देव्हारा बसवायचाय का?" नाना म्हणाले, "तसंच धर."

असे नाना आळीत एक तरी असतात. त्यांनी रेडिओला कव्हर शिवलं, टीव्हीला सरकतं लाकडी दार केलं आणि फ्रिजच्या हँडलला रुमाल बांधला. वस्तू वापरायला घेतलेली असते हे त्यांना मान्य असतं, पण ते दुय्यम. मुळात ती सांभाळायला घेतलेली असते. आमच्या नानांच्या कॉम्प्युटरला काकूंच्या जुन्या साडीचं कव्हर होतं, खाली झालरीसकट. कॅबिनेटमध्ये मुंग्या होऊ नयेत म्हणून नानांनी आत दोन डांबरगोळ्या ठेवल्या होत्या. त्यामुळे सकाळी पंखा सुरू झाला की माजघरभर ट्रंकेतला शालू उघडल्याचा वास सुटे.

नोकरी उपकोषागारात. चौतीस वर्षं बिलं तपासली. टेबलावर आलेला कागद खोटाच आहे असं धरून चालायचं आणि तो खरा ठरला तर नाइलाजाने पास करायचा, ही त्यांची पद्धत. नोकरीत असताना एमएस-सीआयटी टाळली आणि निवृत्तीनंतर दहावीच्या पोरांशेजारी बसून हौसेने केली. सर्टिफिकेट फ्रेम करून रेघेच्या वर लावलं.

मी त्यांचा पुतण्या. पुण्यात कॉम्प्युटरवरच पोट भरतो. त्यामुळे गेली कित्येक वर्षं नानांच्या कॉम्प्युटरचा फॅमिली डॉक्टर मी आहे आणि फी म्हणून आंब्याची पेटी मिळते. फोन साधारण रात्री साडेआठला, बातम्या संपल्यावर येतो. "अरे, तो दर सकाळी दोन हजार दहा सालात उठतोय."

हे दुखणं मला आवडतं, कारण ते मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचं असतं. सीआर २०३२. वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. पाच-सात वर्षांनी तो संपतो आणि मशीन आपली जन्मतारीखच आजची तारीख समजून उठतं. नानांची खरी तक्रार मात्र वेगळी होती. बँकेची साइट उघडत नव्हती. 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत होती. मी समजावलं की प्रत्येक साइटकडे मुदतीचा दाखला असतो. ब्राउझर तो आजच्या तारखेशी ताडून बघतो, आणि आजची तारीखच चुकीची असली की तो दाखला नाकारतो. पलीकडे दोन क्षण शांतता. मग नाना अतिशय आदराने म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. तारीख चुकलेला कागद मीही परत करायचो." त्या दिवसापासून ब्राउझर त्यांच्या लेखी खात्यातला माणूस झाला.

सगळ्या फोनांत अजरामर फोन २०१३ च्या मे महिन्यातला. पावसाळ्यापूर्वीची कामं चालली होती. कौलं परतून झाली, पन्हळ साफ झाला, म्हणून नानांनी कॉम्प्युटरही उघडला. रंगाचा कोरा ब्रश घेऊन धूळ झाडली. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले. हा खास आपल्याकडचा उपचार, आणि चालतोही. तिथेच थांबायचं ना! पण प्रोसेसरवरचा पंखा निघतो हे त्यांच्या लक्षात आलं. काढला. खाली पांढरा, चिकट थर.

"बुरशी धरली होती रे. कोकणातली हवा! स्पिरिटच्या बोळ्याने लख्ख पुसून काढली."

मी खुर्चीतून उठलो. ती बुरशी म्हणजे थर्मल पेस्ट. प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा ठोकळा दोन्ही गुळगुळीत दिसले तरी मध्ये बारीक पोकळ्या राहतात, त्यांत हवा अडकते आणि उष्णता वर जात नाही. तो लेप त्या पोकळ्या भरतो. लेप गेला की मशीन चार-पाच मिनिटांत तापतं आणि जीव वाचवायला स्वतःहून बंद पडतं.

"तेच करतोय तो," नाना म्हणाले. "मग आता?"

"लेप परत लावावा लागेल, नाना. बाजारात ट्यूब मिळते."

"आज रविवार, दुकान बंद." थोडं थांबून आवाज खाली आला. "कैलास जीवन लावू का? थंड असतं."

मी नको म्हणालो. लावलं नसेल अशी आशा आहे. सोमवारी दुकानातला मुलगा येऊन ट्यूबमधला वाटाण्याएवढा थेंब लावून गेला. नाना नाराज. "एवढ्याशानं काय होणार? चांगलं चोपडायला हवं होतं."

पावसाळ्यात मात्र नाना माझ्यापेक्षा शहाणे ठरत. कोकणच्या ओल्या हवेत बंद ठेवलेलं मशीन लवकर खराब होतं, म्हणून आषाढ-श्रावणात काम असो नसो ते रोज अर्धा तास चालू ठेवायचे, आतल्या आत शेक मिळतो म्हणून. आणि वीज कडाडली की आधी टेलिफोनची वायर काढायची, मग प्लग. लोक प्लग काढतात आणि टेलिफोनची वायर विसरतात, आणि वीज नेमकी तिथून आत येते. पहिल्याच वर्षी परतीच्या पावसात नानांचा मोडेम असा जळाला होता. तो जळका मोडेम त्यांनी टाकला नाही. शोकेसमध्ये आहे, साहेबाने सेंडऑफला दिलेल्या घड्याळाशेजारी.

व्हायरसच्या बाबतीत त्यांनी सरळ सोवळ्याओवळ्याचे नियम लावले. घरचा पेनड्राइव्ह वेगळा, बाहेरचा वेगळा. झेरॉक्सच्या दुकानात जाणाऱ्या पेनड्राइव्हला लाल दोरा बांधलेला, आत फक्त छापायची एक फाइल. परत आला की स्कॅन करून, फॉरमॅट करून मगच खुंटीला. हे व्रत घेण्यामागे एक अपघात होता. लाइट बिलांच्या सगळ्या फोल्डरचे एकदा शॉर्टकट झाले होते. अशा वेळी मूळ फाइली बहुतेक वेळा तिथेच असतात. व्हायरस त्यांना फक्त अदृश्य करतो आणि त्यांच्या नावाची पाटी लावून स्वतः दारात बसतो. आपण पाटीवर क्लिक करतो आणि त्याला आत घेतो. हे ऐकून नानांना धक्का वगैरे काही बसला नाही. "म्हणजे फाइल गहाळ नाही, दडवलेली आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे दोघंतिघं होते असे."

अँटीव्हायरस घेताना क्विक हील घेतला. कारण विचारलं तर म्हणाले, कंपनी पुण्याची आहे आणि काढणारा माणूस मुळात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचा. ज्याने हाताने दुरुस्ती केलीय त्यालाच दुखणं कळतं. यावर मी काय बोलणार?

एका गोष्टीत मात्र नाना साफ चुकले आणि ती नेमकी मोठी होती. विंडोजचे अपडेट त्यांनी पहिल्याच महिन्यात बंद करून टाकले होते. न विचारता रात्री घरात शिरून सामान हलवणारा माणूस, मग तो कंपनीचा का असेना, त्यांना चालणार नव्हता. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय जगभर पसरला, कॉम्प्युटरमधल्या फाइलींना कुलूप ठोकून खंडणी मागायला लागला. नानांनी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं आणि तत्क्षणी वायर काढून मशीनवर साडी टाकली. तेरा दिवस. काकू म्हणाल्या, "सुतक पाळतायत." चौदाव्या दिवशी मी गेलो आणि सांगितलं की या रोगावरचं औषध कंपनीने मार्चमध्येच पाठवलं होतं, तुम्ही दार लावून घेतलं होतंत. नाना बराच वेळ रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "येऊ दे त्याला. पण दुपारी. मी समोर असताना." अजूनही अपडेट चालू असताना ते स्टुलावर बसून राहतात, घरात गवंडी काम करत असल्यासारखे. टक्के वाढतात तसे काकूंना सांगतात. काकू माझ्याकडे बघतात.

त्यांना फसवायला निघालेल्यांची मला दया येते. एकदा स्क्रीनवर लाल पाटी आली, भोंगा वाजू लागला, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये धोकादायक व्हायरस, ताबडतोब या नंबरवर फोन करा.' काकूंनी आधी गॅस बंद केला. नानांनी भिंगातून पाटी वाचली आणि मला कळवलं, "खाली सही नाही, शिक्का नाही, तारीख नाही. हा कागद कसा धरायचा?" मी टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायला सांगितला, भोंगा थांबला. पण महिन्याभराने फोन आला तो खरा रंगला. पलीकडचा गृहस्थ हिंदीत सांगत होता की तो कॉम्प्युटर कंपनीच्या सुरक्षा विभागातून बोलतोय आणि एक छोटं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं की तो दुरूनच मशीन साफ करील. नानांनी वही-पेन घेतलं. आपलं नाव? हुद्दा? आमच्याकडे हे पत्र कधी पाठवलंत? जावक क्रमांक काय? तो म्हणे, पत्र नाही, तातडीचं आहे. नाना म्हणाले, तातडीचं असेल तर वर लाल पताका लावून पाठवा, पंधरा दिवसांत उत्तर देतो. चाळीस मिनिटं चाललं. शेवटी फोन त्यानेच ठेवला. नानांनी सायबर पोलिसांना कळवलंही, आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लाल शाईने लिहून ठेवला.

विंडोज सेव्हनचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपणार हे मी सहा महिने आधीपासून सांगत होतो. "संपणार म्हणजे?" "निवृत्त होणार, नाना." "मग? मी निवृत्त झालो म्हणजे मेलो का?" मेला नाही, चालेल, पण इथून पुढे नवीन दुखणं निघालं तर औषध मिळणार नाही, असं सांगितल्यावर ते गंभीर झाले. भोगीच्या दिवशी काकूंनी बाजरीची भाकरी केली आणि नानांनी मॉनिटरला हार घातला. फोटो आहे माझ्याकडे. म्हणजे होता.

२२ जुलै २०२१ च्या पुराबद्दल विनोद करायची माझी प्राज्ञा नाही. चिपळुणात माणसं गेली, संसार गेले. नानांच्या घरात पाणी जुन्या रेघेच्या वर आणखी चार फूट चढलं. सुताराचं टेबल, कॉम्प्युटर, एमएस-सीआयटीची फ्रेम, सगळं गेलं. नाना-काकू शेजारच्यांच्या माडीवर दोन रात्री काढून सुखरूप राहिले. पिशवीत औषधं, पेन्शनचे कागद आणि लोणच्याच्या घट्ट झाकणाच्या बरणीत एक हार्डडिस्क.

ती दुसरी प्रत. तिसरी डोंबिवलीला मुलीकडे होती, गणपतीत आणि शिमग्याला बदलली जाणारी, आवक-जावक नोंदीसकट. आमच्या धंद्यात याला तीन-दोन-एक म्हणतात: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर साठवलेल्या, एक घराबाहेर. त्यावर आम्ही स्लाइड दाखवून भाषणं करतो. नानांना हे कोणी शिकवलेलं नव्हतं. 'सर्व कागदपत्रे तीन प्रतींत सादर करावीत' हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं, तेच कॉम्प्युटरला लावलं. मी हसायचो. २००४ पासूनची लाइट बिलं तीन ठिकाणी कशाला हवीत, असं विचारायचो. कुळाची वंशावळ, नगरपालिकेला लिहिलेली गटाराबद्दलची सदतीस पत्रं, नातवाचे फोटो, आणि माझ्या लग्नातले फोटो. 'रेकॉर्डला असू देत' म्हणून त्यांनी माझ्याकडून मागून घेतलेले.

आता नवी रेघ सात फुटांवर आहे. आठ फूट टेबल करायला सुताराने नकार दिला, म्हणून नाना लॅपटॉप घेऊन माळ्यावर गेले. कॉम्प्युटरवर काम करायचं म्हणजे शिडी. त्यावर असलेलं विंडोज टेनही १४ ऑक्टोबर २०२५ ला निवृत्त झालं. या वेळी नानांनी मला आठवण करून दिली, मी त्यांना नाही.

आणि दिवाळीनंतर माझ्या लॅपटॉपची डिस्क गेली. एक टक-टक आवाज, मग काहीच नाही. लग्नाचे फोटो, मुलीच्या बारशाचे, सगळे त्याच्यातच. दुसरी प्रत? आज करू, उद्या करू. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी चिपळूणला गेलो आणि शिडीच्या तळाशी उभा राहिलो.

नाना वरून डोकावले. माझं सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर आनंद नव्हता, तो त्यांनी मोठ्या कष्टाने दाबला होता.

"मिळतील," ते म्हणाले. "अर्ज आणलायस?"

मला वाटलं गंमत करतायत. तेवढ्यात वरून एक कोरा फुलस्केप तरंगत खाली आला, मागोमाग दुसरा.

"दोन प्रतींत," नाना म्हणाले. "आणि मेल्या, तारीख नीट घाल."