संगीत जलविहार

संगीत जलविहार म्हणजे संध्याकाळी नदीत बोट नेऊन, तिच्यावर माणसे बसवून, त्यांना नदी दिसणार नाही आणि संगीत ऐकू येणार नाही अशा बेताने तासभर फिरवून आणण्याचा उपक्रम. तो भारतात अनेक ठिकाणी चालतो; पण त्याचे परिपूर्ण रूप पाहायचे तर पणजीला मांडवीवर जावे लागते. बोलताना त्याला नुसते ‘क्रूझ’ म्हणतात. गोव्याहून परतलेल्या माणसाने पहिल्या पाच मिनिटांत ‘क्रूझ केली’ असे सांगितले नाही, तर तो नेमका कुठे गेला होता याबद्दल शेजाऱ्यांना शंका येते.

प्रकार जुना आहे. १७ जुलै १७१७ रोजी इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज थेम्स नदीतून निघाला, तेव्हा सुमारे पन्नास वादकांचा ताफा हॅन्डलने रचलेले ‘वॉटर म्युझिक’ वाजवत त्याच्या सोबत होता. राजाला ते इतके आवडले की त्याने सगळे तीन वेळा वाजवून घेतले. वन्समोअरचा शोध संगीत नाटकाच्या मराठी प्रेक्षकाने लावला, हा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो. मात्र त्या दिवशी राजा एका बोटीत होता आणि वादक दुसऱ्या. श्रोते आणि संगीत यांच्यामध्ये थोडे पाणी असावे, ही त्या प्रयोगातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट पुढे कोणीच उचलली नाही. आपल्याकडे बनारसला होळीनंतरच्या मंगळवारी ‘बुढवा मंगल’ साजरा होई. सजवलेल्या बजड्यांवर बैठक मांडून गंगेत ठुमरी-चैती चाले. ऐकणारे बसलेले असत आणि गाणारे गात असत. मांडवीवर ही कामाची वाटणी राहिलेली नाही.

मांडवीचा उगम कर्नाटकात, भीमगडच्या रानात. वरच्या अंगाला तिला म्हादई म्हणतात. तिच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक यांचा तंटा लवादापर्यंत गेला, लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला आणि तंटा होता तिथेच राहिला. दोन राज्ये ज्या पाण्यासाठी भांडतात, त्या पाण्याकडे जलविहारातला उतारू ढुंकूनही पाहत नाही. पणजीशी पोचेपर्यंत तिची खाडी झालेली असते, पाणी भरती-ओहोटीने वर-खाली होते आणि बोट थोडी डुलते. हे डुलणे तिकिटातच धरलेले आहे.

बोटी जिथून सुटतात ती जेटी मांडवीवरच्या पुलांजवळ आहे. पूल तीन. त्यांच्याआधीचा जुना पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि आताचा तिसरा, तारांनी तोललेला अटल सेतू, २०१९ मध्ये खुला झाला. पुलांखालची तिकिटांची रांग हा कार्यक्रमाचा पहिला अंक. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, हुबळी, सुरत इथल्या माणसांची इथे ओळख होते, ती ‘ओ भाऊ, रांग मागं हाय’ या वाक्याने. सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सातच्या सुमारास. बोट मात्र भरली की सुटते. ‘सनसेट’ हा शब्द तिकिटावर असतो. तो आकाशात असेलच, अशी हमी कोणी दिलेली नाही.

बोट सुटल्यावर आसनव्यवस्थेचे रहस्य कळते. वरच्या डेकवर एका टोकाला स्टेज आणि बाकी सगळीकडे खुर्च्या, त्यांची तोंडे स्टेजकडे. म्हणजे उजवीकडे नदी, डावीकडे नदी, मागे सूर्यास्त आणि समोर दोन काळे स्पीकर. हे स्पीकर आकाराने साधारण धान्याच्या कणगीएवढे असतात आणि लग्नाच्या मांडवात चारशे पानांना पुरतील एवढा आवाज देतात. उतारू दीड-दोनशे. उरलेला आवाज नदीत सोडला जातो.

प्रत्येक फेरीत निदान एक आजी अशी असते, की जिला ही व्यवस्था मान्य नसते. ती कठड्याला लागून असलेली खुर्ची धरते, खुर्ची उलटी फिरवते, पदर खोचते आणि मांडीवर चकल्यांचा डबा उघडते. ‘आजी, हितनं स्टेज दिसत न्हाई, पुढं या की,’ असे नातू ओरडून सांगतो. ‘मला हितनं नदी दिसतीया, तुमी जावा तिकडं,’ असे उत्तर येते. ते स्पीकरमुळे नातवाला ऐकू जात नाही. जलविहाराच्या दृष्टीने आजी हा अपवाद आहे. पुढे तिचा पुन्हा उल्लेख येईल.

‘लाइव्ह’ या शब्दाची व्याख्या इथे द्यायला हवी. गायक जिवंत असतो, म्हणून कार्यक्रम लाइव्ह. बाकीचे सारे, म्हणजे ढोलकी, सनई, व्हायोलिनांचा ताफा आणि अडीअडचणीला गायकाचा वरचा सूरदेखील, लॅपटॉपमधून येते. धंद्यात याला ‘ट्रॅकवर गाणे’ म्हणतात. ट्रॅकला शिस्त असते. गायकाला खोकला आला तरी गाणे पुढे जाते. की-बोर्डवाल्याची बोटे पट्ट्यांवरून फिरत असतात आणि गाणे संपल्यावरही क्षणभर फिरत राहतात, त्यावरून जाणकाराने समजायचे ते समजावे. गायकाची बाजूही सांगायला हवी. एकाच संध्याकाळी अशा दोन-तीन फेऱ्या, दर फेरीत तीच सात गाणी, आणि दर फेरीत समोर ‘झिंगाट लावा’ म्हणून ओरडणारा नवा माणूस. ‘सैराट’ २०१६ मध्ये आला. तेव्हापासून हा माणूस एकही फेरी चुकलेला नाही.

कार्यक्रमाचा खरा सूत्रधार निवेदक. ‘महाराष्ट्र से कौन कौन आया है?’ हा त्याचा पहिला प्रश्न. आरोळी उठते. मग गुजरात, मग कर्नाटक, मग दिल्ली. ज्या राज्याची आरोळी मोठी, त्याचा जयजयकार. गोव्याचे कोण, हे विचारायची प्रथा नाही. त्यानंतर वर्गवारीने नाच: आधी मुले, मग जोडपी, मग फक्त पुरुष आणि शेवटी फक्त महिला. मुलांच्या फेरीत मुले रडतात आणि त्यांचे वडील नाचतात. जोडप्यांच्या फेरीत नवरा ‘मला नाही येत’ म्हणतो, ‘अहो, चला ना’ हे तीनदा झाले की उठतो आणि दोन्ही हात वर करून फक्त मनगटे हलवतो. पुरुषांची फेरी सर्वांत गर्दीची. इथे शिट्टीवाला रखवालदार नेमावा लागतो, कारण एरवी पतसंस्थेत वसुलीचे काम गंभीरपणे करणारी माणसे या सुमारास एकमेकांच्या खांद्यावर चढू लागतात. महिलांच्या फेरीत महिला छान नाचतात, पण त्याची नोंद राहत नाही; चित्रफीत काढायला बसवलेल्या माणसाच्या मोबाइलची मेमरी पुरुषांच्या फेरीतच भरलेली असते.

एरवी लाजणारी माणसे अशी का वागतात, याचे उत्तर काठावरच उभे आहे. बोटीतून पणजीचा जुना आदिलशाही वाडा दिसतो. १७५९ पासून तिथे पोर्तुगीज व्हाइसरॉय राहत. त्याच्याशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे: एक झगेवाला पाद्री हात पसरून उभा आणि समोर एक बाई कोसळते आहे. फारिया (१७५६–१८१९) गोव्यातल्या कांदोळीचे. १८१३ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग केले. प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय शक्ती वाहते, असे त्या काळी मानत. फारिया म्हणाले, तसे काही नसते, सगळे समोरच्याच्या मनातून येते. त्याची तयारी असली की पुरे. निवेदकाच्या अंगातही कसली शक्ती नसते. उतारूने नाचायचे हे कोल्हापुरात बॅग भरतानाच ठरवलेले असते, त्याला फक्त कोणीतरी हात पसरून उभे राहायला हवे असते.

मधल्या वेळात लोककला. देखणी, फुगडी, कुणबी नाच आणि पोर्तुगालहून आलेला कोरिदिन्यो, असे चार प्रकार दहा-बारा मिनिटांत. कलाकार तरुण, चपळ आणि बोट डुलत असताना गिरकी घेणारे. त्यांची टिंगल करण्याजोगे काही नाही. अडचण एवढीच की कोरिदिन्योच्या वेळी अर्धे उतारू खाली वडापाव आणायला गेलेले असतात. घुमटाचा आवाज याच भागात ऐकू येतो. मातीच्या भांड्यावर घोरपडीचे कातडे ताणून हे वाद्य करत. घोरपडीला कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचे कातडे आले आणि २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. बोटीवर घुमट पेन ड्राइव्हमधून वाजते, त्यामुळे घोरपड आणि बकरा दोघेही सुरक्षित आहेत.

ध्वनिशास्त्राच्या बाजूने पाहता जलविहाराचे सर्वांत चांगले श्रोते बोटीवर नसतात. पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असली, की आवाज वर निसटून न जाता खाली वाकतो आणि लांबवर जातो. त्यातही शब्द वाटेत गळतात आणि ढोलाचा ठोका पोचतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे तेवढ्या अंतरावर काठाशी गळ टाकून बसलेल्या माणसाला आधी पाय पडलेला दिसतो आणि सेकंदाने ठोका ऐकू येतो. नाचणाऱ्यांचा पाय ठोक्याशी जुळत नाही असे त्याला वाटते. पाय बोटीवरून पाहिला तरी जुळत नाही. तिथे मात्र दोष आवाजाच्या वेगाला देता येत नाही. दोन बोटी शेजारून गेल्या की दोन गाणी एकमेकांत शिरतात आणि दोन्ही बोटींवरचे लोक एकमेकांना हात करतात. हा सबंध तासातला सर्वांत मोकळा, आणि खरे तर सुरेल, क्षण.

बोट समुद्राच्या दिशेने जाते. नदीत नांगर टाकून उभ्या असलेल्या कॅसिनो बोटी वाटेत लागतात. त्यांच्या दिव्यांपुढे सूर्याला आपला कार्यक्रम आटोपता घ्यावा लागतो. पलीकडच्या काठावर रेईश मागूशचा किल्ला, १५५१ चा. अलीकडे कांपाल आणि तिथे चार्ल्स कोरिया यांनी आखलेली कला अकादमीची बसकी, नदीला खेटून असलेली वास्तू. इथे सुरश्री केसरबाई केरकर यांच्या नावाने संगीत समारोह होतो. केसरबाई फोंड्याजवळच्या केरीच्या. त्यांनी गायलेली भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबरच्या सोनेरी तबकडीवर घातली गेली आणि आज ती आंतरतारकीय अवकाशात पोचली आहे. लाउडस्पीकरचा आवाज लांब गेला पाहिजे, ही जलविहारवाल्यांची जिद्द यावरून समजून घ्यावी. अकादमीसमोरून बोट जाते तेव्हा ट्रॅकवर सहसा पंजाबी गाणे असते.

शेवटी देखणीतले सर्वांत प्रसिद्ध गाणे होते. त्याच्या चालीवरून १९७३ च्या ‘बॉबी’त हिंदी गाणे झाले, म्हणून उतारूंना ते ओळखीचे वाटते. गाण्यातल्या कलावंतिणीला दामूच्या लग्नाला नदीपलीकडे जायचे आहे. ती नावाड्याला विनवते, अंगावरचे दागिने देऊ करते आणि नावाडी ते नको म्हणतो. नदी ओलांडण्याची एवढी तळमळ ज्यात आहे, ते गाणे ऐन नदीत, दोन्ही काठांच्या मधोमध, अशा बोटीवर म्हटले जाते जी पलीकडच्या काठाला लागतच नाही. ती वळते आणि जिथून निघाली त्याच जेटीवर परत येते. दागिने नाकारणारा नावाडीही आता राहिला नाही. पैसे आधी घेतले जातात.

उतरताना काय पाहिले, असे विचारले तर उतारू मोबाइल दाखवतो. त्यात तो स्वतः असतो, मागे निळा-जांभळा दिवा आणि कोणाचा तरी कोपर. आजीला मात्र सांगण्यासारखे असते. अंधार पडताना एक माणूस होडीत उभा राहून पाग टाकत होता. जाळे हवेत छत्रीसारखे उघडले आणि पाण्यावर आवाज न करता पडले, असे ती म्हणते. आवाज झाला असेल, तिला तो ऐकू यायचे कारण नव्हते.

ज्यांना नदीच पाहायची आहे त्यांच्यासाठी माहिती: जेटीवरून काठाकाठाने चालत गेले की पणजी-बेती फेरीबोटीचा धक्का लागतो. ही बोट काही मिनिटांत खरोखर पलीकडे नेते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. बसायला जागा मिळेलच असे नाही आणि गाणे कोणी म्हणत नाही.