दहा सेकंद दाबून धरा

राउटरच्या पाठीला एक बारीक भोक असते. सुई जाईल एवढे, बोट जाणार नाही एवढे. इंटरनेट पुरवणाऱ्यांचा ठाम सिद्धांत असा की, ग्राहकाचे इंटरनेट बंद पडले तर इलाज त्या भोकात असतो. फोन लावा. आधी गाणे ऐका. मग एक मंजूळ आवाज विचारतो, "सर, राउटरच्या मागे छोटेसे होल दिसते आहे का? त्यात पिन घालून दहा सेकंद दाबून धरा."

आमच्या कोंढा गावात मध्यंतरी जेसीबी आला, रस्त्याकडेने नाली खोदत गेला आणि जाता जाता फायबरची केबल उपटून गेला. तुटलेले टोक दिवसाउजेडी सगळ्या गावाला दिसत होते. शाळेतून परतणारी पोरे ते हातात घेऊन एकमेकांच्या मागे धावत होती. आणि नेमक्या त्याच वेळी गावातली शहाणीसुरती माणसे चष्मे लावून, राउटर मांडीवर पालथे घेऊन, त्याला टोचत बसली होती.

आता टोचायचे कशाने? सेफ्टी पिन जाड पडते. स्टेपलरची पिन वाकते. अगरबत्तीची काडी आतच मोडते आणि मग भोकाला कायमचा सुवास येतो. सिमकार्ड काढायची खास पिन मोबाइल घेतला त्याच दिवशी हरवलेली असते. बायकोच्या कानातल्याकडे नजर गेली की घरातली हवा बदलते. शेवटी आमच्याकडचा तोडगा निघाला तो धुऱ्यावरून. धानाच्या बांधीला धुरा असतो, धुऱ्यावर बाभूळ असते आणि बाभळीचा वाळला काटा या भोकात असा चपखल बसतो की, राउटरचा डब्बा घडवणाऱ्या अभियंत्याने तो समोर ठेवूनच माप घेतले असावे. पाहता पाहता गावात काट्यांना भाव आला.

"का जी भाऊ, बाभळीचा काटा भेटन का एखादा?"

"कोनाच्या पायात रुतला जी? काट्यानं काटा काढाचा आहे का?"

"नाही जी. डब्ब्याले टोचाचा आहे. फोनवरची बाई म्हन्ते, दहा सेकंद टोच."

"अन् केबल त तिकडं रस्त्यावर तुटून पडली आहे ना?"

"पडली आहे. पन बाई म्हन्ते, आधी टोच."

डब्ब्यावरचा एलओएस नावाचा दिवा लाल झाला की त्याचा अर्थ एकच असतो: बाहेरून येणारा प्रकाश इथवर पोचत नाही. फायबरमधला काचेचा गाभा ९ मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. त्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश येतो. तो क्षीण होत होत उणे २७ डीबीएमच्या खाली गेला की डब्बा हात वर करतो आणि लाल दिवा लावून तसे सांगतो. कारणेही मोजकी असतात. तंतू तुटला, कुठेतरी करकचून वाकला, नाहीतर जोडाच्या टोकावर धूळ बसली. कपाटामागे वायर दबली आहे का आणि तिचे हिरवे टोक नीट बसले आहे का, हे घरच्या माणसाने एकदा बघावे, जरूर बघावे. त्यात दोन मिनिटे जातात. पण या कारणांच्या यादीत भोक नाही. या अख्ख्या व्यवहारात खरे बोलणारा तेवढा एक डब्बाच असतो, आणि टोचणी त्यालाच बसते.

बरे, टोचल्याने नुसतेच काही झाले नसते तरी तक्रार नव्हती. भोकात दहा सेकंद काटा धरला की डब्बा कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा होतो, म्हणजे कोराकरकरीत. वायफायला पोरांनी दिलेले नाव जाते, पासवर्ड जातो. हे चालेल. पण ग्राहकाचे कंपनीकडचे खाते, त्याची गुप्त अक्षरे, व्हीलॅनचा आकडा, हे जे बसवणाऱ्या पोराने भरून दिलेले असते आणि आपल्याला कुणी कधी सांगितलेले नसते, तेही जाते. काही ठिकाणी कंपनीचे यंत्र दुरूनच डब्ब्यात हे सारे परत भरते. आमच्या वाट्याचे डब्बे त्या कुळातले नाहीत. त्यामुळे कोंढ्यात पुढे जे घडले त्याला तोड नाही. केबल एकदाची जोडली गेली. लाल दिवे विझले, हिरवे लागले. आणि इंटरनेट सुरू झाले ते फक्त अशांच्या घरी, ज्यांनी तक्रारच केली नव्हती. ज्याला फोनवर दोन शब्द बोलायचा कंटाळा, जो लाल दिवा बघून कूस बदलून झोपला, त्याच्या घरी सिनेमा सुरू. ज्याचा नंबरच लागला नाही, त्याच्या घरी भजने सुरू. एका काकाजींनी तर सरळ डब्ब्यावर धोतर वाळत घातले होते. त्यांचे इंटरनेट धोतराखालून सगळ्यांच्या आधी आले. आणि ज्यांनी सांगितले तसे, सांगितले तितके सेकंद, घड्याळात बघून दाबले, ते आज्ञाधारक ग्राहक बंद. त्यांना पुन्हा फोन. पुन्हा गाणे. आणि पुन्हा तीच आज्ञा: सर, मागे एक छोटेसे होल आहे. एका घरी तर म्हणे काटा आतच मोडला. आता तो डब्बा बाभूळप्रणीत झाला असून कंपनीच्या म्हणण्यानुसार ती "ग्राहकाकडून झालेली मोडतोड" आहे आणि तिचे पैसे पडतील.

हे आज्ञाधारक लोक मग पवनीहून येणाऱ्या, कंपनीच्या दुरुस्तीवाल्या पोराची वाट बघतात. तो पोरगा बिचारा भला आहे. एकटा आहे, गावे फार आहेत आणि काचेचे दोन तंतू वितळवून जोडायचे यंत्र सगळ्या पोरांत मिळून एक, ते नेहमी दुसऱ्या गावाला गेलेले असते. तो येतो, लॅपटॉप उघडतो, १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकतो, काटा टोचल्याने पुसलेले पुन्हा भरतो आणि जाताना सांगतो, "काकाजी, या भोकाले हात नका लावत जाऊ." एकाच कंपनीची ही दोन तोंडे. एक म्हणते टोच, दुसरे म्हणते टोचू नको. मधल्या काळात बिल मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला येते. त्याला कधी काटा लागत नाही.

इथवर हसून घेतले. आता जरा वेगळे बोलतो.

केबल तुटली हे कंपनीला कळत नाही, असे कुणी समजू नये. दूरच्या कार्यालयातून एकच तंतू निघतो. वाटेत तो एका डबीत ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो. एका घराचा दिवा गेला तर शंका त्या घरावर घ्या. पण एका डबीवरची सगळी घरे एकाच क्षणाला अंधारली, तर कार्यालयातल्या पडद्यावर ते धडधडीत दिसते. गावाची लाइन गेली म्हणून डब्बे विझले असतील, असे म्हणायलाही जागा नाही. वीज गेल्यावर जीव जायच्या आत डब्बा कार्यालयाला एक शेवटचा निरोप पाठवतो, की माझी वीज गेली. तशी सोयच त्याच्यात केलेली असते. म्हणजे वीज गेली की तंतू तुटला, हे बसल्या जागी ओळखता येते. तरीही चाळीस घरांतल्या चाळीस माणसांना चाळीस वेळा काटा शोधायला का लावायचे? कारण फोनवरच्या त्या मुलीसमोर एक यादी आहे आणि "ग्राहकाने रिसेट केले" या चौकोनात खूण केल्याशिवाय तिला पुढचे पान उघडता येत नाही. तिचा दोष नाही. ही यादी ज्याने वातानुकूलित खोलीत बसून लिहिली, त्याचा आहे. त्याला ठाऊक आहे की, दोष ग्राहकाच्या घरात आहे असे जितका वेळ म्हणता येते, तितका वेळ गाडी, माणूस आणि यंत्र पाठवायचा खर्च वाचतो. ग्राहकाला कामाला लावणे सगळ्यांत स्वस्त पडते. पगार नाही, पेट्रोल नाही, काटासुद्धा ग्राहकाचाच.

आणि ती केबल! ती एकतर वितीवर पुरलेली असते, नाहीतर खांबावरून इतकी खाली लोंबते की धानाची मळणी संपून तणसाची ट्रॉली निघाली की तिच्यात अडकलीच. ट्रॅक्टरवाला पुढे बघतो. मागे केबल तणसासोबत त्याच्या घरी जाते. उरलेसुरले माकडे बघतात. खणण्याचेच म्हणाल तर, इथून जवळच पवनीला १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले. दोन हजार वर्षांहून जुना स्तूप तेव्हा मातीखालून बाहेर निघाला. खाली काय आहे हे खणणाऱ्यांना नीट ठाऊक नव्हते, म्हणूनच ते जपून खणत होते. आमच्या रस्त्याकडेला काय पुरले आहे याचे नकाशे आहेत, परवानग्या आहेत, सही-शिक्के आहेत, आणि जेसीबी असा चालतो की जणू खाली पाताळापर्यंत काही नाही. आज नाली, मग नळाची पाइपलाइन, मग रस्त्याचे रुंदीकरण, मग रुंद झालेल्या रस्त्यावर राहून गेलेली नाली. एकाने खणताना दुसऱ्याला विचारायचे नाही, हा एवढा एकच नियम आमच्याकडे निष्ठेने पाळला जातो.

तुम्ही म्हणाल, एवढे काय बिघडले? दोन दिवस सिनेमा दिसला नाही, एवढेच ना? नाही. आधारभूत केंद्रावर धान विकायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी. सातबारा ऑनलाइन. पिकाची पाहणी २०२१ पासून राज्यभर मोबाइलवर. रेशनच्या दुकानात अंगठा यंत्रावर. सगळा कागद काढून घेतला, रांग तेवढी ठेवली. फक्त रांगेच्या टोकाला आता कारकुनाऐवजी लाल दिवा बसला आहे. कारकून निदान चहाला तरी जायचा आणि परत यायचा. नोंदणीची शेवटची तारीख कधी लाल दिव्यासाठी थांबत नाही. धान पोत्यात भरून तयार, पोती ओसरीवर, आणि शेतकरी बांधीत उभा राहून मोबाइल आकाशाकडे धरतो आहे, एखादी तरी रेघ सापडेल म्हणून. देशात २००४ मध्ये २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे ठरले होते. २०२३ मध्ये ती मर्यादा २ एमबीपीएसवर नेली. कागदावर ही प्रगती उत्तम आहे. तुटलेल्या केबलमधून दोन्ही व्याख्यांना सारखाच वेग मिळतो.

आणि एवढे होऊन तक्रार "सोडवली" जातेच. दिवा लालबुंद असताना मोबाइलवर निरोप येतो: प्रिय ग्राहक, आपली तक्रार यशस्वीरीत्या बंद करण्यात आली आहे, आमच्या सेवेला पाच तारे द्या. कुणी बंद केली? तर त्याच्या आधी एक गोड फोन आलेला असतो, "सर, तुमच्या मोबाइलवर एक कोड आला असेल, तेवढा सांगा, म्हणजे माणूस निघेल." आपण भोळेपणाने सांगतो. तो कोड माणूस निघायचा नसतो, तक्रार मिटायचा असतो. काम झाल्यावर, समाधान झाल्यावर ग्राहकाने आपण होऊन द्यायचा असतो. तो आधीच घेतला की कार्यालयातल्या पडद्यावर तुमचे घर हिरवे होते. मग तुम्ही आठवडाभर बोंबलत बसा; त्यांच्या लेखी तुम्ही समाधानी आहात.

तेव्हा कोंढा-कोसऱ्याच्या आणि आसपासच्या मंडळींना हात जोडून सांगणे एवढेच. दिवा लाल असेल तर मागची वायर बघा, हिरवे टोक बघा, शेजाऱ्याचा दिवा बघा. शेजाऱ्याचाही लाल असेल तर फोनवर तेवढे सांगा, तक्रारीचा नंबर कागदावर लिहून घ्या आणि पिन मागितली तर ठणकावून नाही म्हणा. ज्या दिवसांत दिवा लाल होता, त्यांचे पैसे बिलातून वजा करून मागा. लेखी मागा, सगळ्या ओळीने मिळून मागा. आणि इंटरनेट स्वतःच्या डोळ्यांनी सुरू झालेले पाहिल्याशिवाय तो कोड कुणालाही, कितीही गोड आवाजात मागितला तरी, देऊ नका.