45 मिनिटांत सोलापूर

मावसबहिणीच्या मुलीचं लग्न सोलापुरात. कोल्हापुरातून जायचं कसं, यावर घरात खल चालला होता. मोबाइलमधून मान न काढता भाच्यानं जाहीर केलं, "मामा, विमानानं फक्त 45 मिनिटं." बायकोनं त्याच क्षणी बॅगेतले चिवड्याचे दोन डबे बाहेर काढले. पाऊण तासासाठी फराळ कोण नेतं?

मीही चाट पडलो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून सोलापूरच्या होटगी रोड विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली, तर जेमतेम 200 किलोमीटर. नॉटिकल मैल हवे असतील तर 110. आमचा दर्याशी संबंध पंचगंगेच्या महापुरापुरता, तरी नॉटिकल ऐकून बरं वाटलं.

हिशेब सोपा आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोलाईवरून जवळात जवळचं अंतर काढायचं, त्याला ताशी 800 किलोमीटरनं भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. झालं! यात कुठेही विमान लागत नाही. ते नाहीच, हे भाच्याला नंतर कळलं. या दोन गावांमध्ये थेट विमानसेवा नाही, पण तिला लागणारा वेळ पक्का आहे. एसटीचं नेमकं उलट. बरं, 800चा वेग मोठ्या जेटचा. आपल्याकडच्या छोट्या मार्गांवर पंख्याचं एटीआर बरेचदा दिसतं, ते 500च्या आसपास जातं. म्हणजे नसलेलं विमानसुद्धा आम्हाला ऐपतीबाहेरचं मिळालं होतं.

सोलापूरकरांना यात नवल वाटायचं नाही. त्यांच्या धावपट्टीच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी उभी होती. तिच्यावरून वर्षानुवर्षं मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर जून 2023मध्ये ती पाडली. गोव्याचं विमान सुरू व्हायला जून 2025 उजाडला. आधी चिमणी उडाली, विमान दोन वर्षांनी.

तशी सरकारची इच्छा दांडगी. हवाई चप्पल घालणाऱ्यानंही विमानात बसावं म्हणून 'उडान' योजना आली. तासाभराच्या प्रवासाला ठरावीक आसनांपुरती 2500 रुपयांची मर्यादा ठरली आणि कंपन्यांना तीन वर्षं अनुदान. ते संपलं की कित्येक मार्गांवर हवाई जातं आणि चप्पल उरते. आमची तर कोल्हापुरी, तिला वजनही जास्त.

"मुंबईवरून जमेल की," भाचा हटेना. म्हणजे 300 किलोमीटर उत्तरेला जायचं, तिथल्या विमानतळावर महागड्या चहाकडे बघत बसायचं आणि पुन्हा साडेतीनशे किलोमीटर खाली यायचं. याला आमच्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात, आणि त्यालाही आधी तिकीट मिळावं लागतं.

चिवड्याचे डबे मुकाट्यानं बॅगेत परत गेले.

पहाटेची एसटी. काच वर सरकवली की खाली येणारी, म्हणून भाच्यानं फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबली आणि मोबाइलवर घड्याळ लावलं. हातकणंगल्याच्या स्टँडवर ते वाजलं. "मामा, 45 मिनिटं झाली," तो ओरडला, "आलं आपलं! उतरायची वेळ!"

पुढून कंडक्टर वळला. "हातकणंगले उतरणार व्हय? मग सोलापूरचं तिकीट कशापायी फाडाय लावलंसा?"